भिंतीतले चार इंचांचे भोक
गॅस गिझरचा धूर बाहेर काढताना घ्यावयाची काळजी

प्रतिनिधी

थंडी पडू लागली की शहरांतील न्हाणीघरांत गॅस गिझर पुन्हा सुरू होतात आणि त्याच सुमारास वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमीही दिसू लागते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडावे लागले, आत ती बेशुद्ध किंवा मृतावस्थेत आढळली. बातमीच्या शेवटी 'गुदमरून' हा शब्द असतो. हे गुदमरणे घडते कसे आणि ते टाळण्यासाठी भिंतीत पाडायचे एक साधे भोक किती महत्त्वाचे ठरते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. उपकरणावर हजारो रुपये खर्च करणारे कुटुंब धूर बाहेर नेणारी नळी बसवण्याचा कंटाळा करते. कधी फरशी खराब होईल म्हणून, कधी सोसायटी हरकत घेईल म्हणून, तर कधी 'आमच्या गिझरला धूर येतच नाही' या समजुतीपोटी.

हाताशी ड्रिल मशीन असलेल्या हौशी माणसाला हे भोक स्वतः पाडता येते. मात्र ते कुठे, कसे आणि कोणत्या भिंतीत पाडावे व कोणत्या भिंतीला हातही लावू नये, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

बंबाला धुराडे होते

पूर्वी घरोघरी पाणी तापवण्यासाठी तांब्याचा बंब असे. त्याच्या मधोमध उभी नळी असायची. खाली निखारे, भोवती पाणी आणि वरच्या तोंडातून धूर. बंब बहुधा अंगणात, पडवीत किंवा कौलारू न्हाणीघरात पेटवला जाई आणि कौलांच्या फटींतून धूर आपोआप निघून जाई. शिवाय लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबत असल्याने धोक्याची सूचना आपसूकच मिळत असे.

गॅस गिझर हा तत्त्वतः बंबच आहे. फरक इतकाच की, तो चार भिंतींच्या बंद खोलीत आला आणि त्याचा धूर अदृश्य झाला. एलपीजी पूर्ण जळाला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. प्राणवायू कमी पडला, बर्नरवर धूळ साचली किंवा उष्णता-विनिमयक काजळीने भरला, तर ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ४०० भाग असले तरी तास-दोन तासांत डोके दुखू लागते. १६०० भाग झाले की वीस मिनिटांत चक्कर व मळमळ सुरू होते आणि पुढच्या तास-दीड तासात प्राण जाऊ शकतो. हातपाय आधी गळतात, त्यामुळे धोका लक्षात येऊनही दाराची कडी काढण्याचे बळ उरत नाही. या मृत्यूंमागचे भीषण वास्तव ते हेच.

थोडे गणित

मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी जळण्यासाठी सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. म्हणजे दार-खिडकी बंद करून वीस मिनिटे गिझर चालवला, तर खोलीतील पाऊण हिस्सा हवा एकट्या ज्योतीला हवी असते. प्रत्यक्षात तितका वेळही लागत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण थोडे घसरताच ज्योत बिघडू लागते आणि विषारी वायूची निर्मिती वाढते.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. धूर बाहेर जाण्यासाठी एक वाट हवी आणि ताजी हवा आत येण्यासाठी दुसरी. केवळ नळीचे भोक पाडले आणि दाराखालची फटही बुजवली, तर काम अर्धेच झाले.

सर्वांत उत्तम उपाय : गिझरच बाहेर

भोक पाडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. गिझर न्हाणीघरात हवाच कशाला? ब्रिटनमध्ये १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार, खोलीतील हवा वापरून जळणारे गॅस उपकरण न्हाणीघरात बसवण्यास मनाई आहे. तेथे ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरूनच घेणारे आणि धूर बाहेरच सोडणारे, खोलीपासून पूर्णपणे अलग असे उपकरणच चालते. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या घरगुती वॉटर हीटरसाठी २००५ साली आयएस १५५५८ हे मानक तयार केले. मात्र मानकाप्रमाणे बनवलेले उपकरणही चुकीच्या जागी बसवले तर सुरक्षित राहत नाही.

स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी, मोकळी गॅलरी किंवा पावसापासून आडोसा असलेली बाहेरची भिंत उपलब्ध असेल, तर गिझर तेथे बसवावा आणि न्हाणीघरात फक्त गरम पाण्याची अर्ध्या इंचाची नळी आणावी. त्यासाठी पाडावे लागणारे भोक बोटाएवढेच असते आणि धोका मुळातूनच संपतो. हे शक्य नसेल, तरच पुढचा विचार करावा.

आपली भिंत कोणती?

भोक पाडण्यापूर्वी भिंतीची जात ओळखावी. शहरांत साधारणपणे पुढील प्रकार आढळतात.

विटांची भिंत : काँक्रीटच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतींत बाहेरची भिंत बहुधा नऊ इंचांची आणि आतली साडेचार इंचांची असते. इमारतीचा भार खांब आणि तुळया पेलतात. भिंत केवळ स्वतःचे वजन वाहते. अशा नऊ इंचांच्या भिंतीत चार-पाच इंच व्यासाचे गोल भोक पाडण्याने सहसा बाधा येत नाही, कारण भोकाच्या वरचा भार कमानीप्रमाणे दोन्ही बाजूंना वाहून जातो. साडेचार इंचांच्या भिंतीत मात्र छिन्नीचे जोरदार घाव घातले तर आजूबाजूच्या विटाही सैल होतात.

हलक्या ब्लॉकची भिंत : पुण्या-मुंबईत 'सिपोरेक्स' या नावाने परिचित असलेले ब्लॉक करवतीनेही कापता येतात. येथे हातोड्याची गरज नाही. उलट घाव घातल्यास मोठा तुकडाच निखळतो.

जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या भिंती : चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या, लाकडी सांगाड्याच्या मधे विटा भरलेल्या भिंती हादऱ्याने ढासळू शकतात. शिवाय लाकडी खांबाजवळून तापलेली नळी नेणे म्हणजे आगीला निमंत्रण. येथे तज्ज्ञ पाहणीशिवाय काम करू नये.

जांभा आणि काळा दगड : कोकणात व गोव्यात जांभ्याच्या, तर देशावरील जुन्या घरांत काळ्या दगडाच्या भिंती असतात. या भिंती स्वतःच छपराचा भार पेलत असतात. जांभा सहज कापला जातो, तरी भार कुठून येतो हे पाहूनच जागा निवडावी. काळा दगड घरगुती मशीनला दाद देत नाही.

अखंड काँक्रीटची भिंत : अलीकडच्या अनेक उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती असतात. त्यांत लोखंडी सळया असतात आणि भिंत हाच इमारतीचा आधार असतो. येथे संरचना अभियंत्याच्या लेखी संमतीविना भोक पाडू नये, हाच नियम.

भिंत ओळखण्याची सोपी युक्ती अशी : सहा मिलिमीटरच्या बिटने एक लहान छिद्र पाडावे आणि बाहेर पडणारी भुकटी पाहावी. तांबडी भुकटी विटेची, पांढरट आणि मऊ भुकटी हलक्या ब्लॉकची, करडी व कठीण भुकटी काँक्रीटची. करडी भुकटी येऊन बिट पुढे सरकेनासा झाला, तर आपण खांब, तुळई किंवा दारावरच्या छावणीत शिरलो आहोत, असे समजून काम तेथेच थांबवावे.

खांब-तुळईला हात लावू नये, हे सांगण्यामागे कारण आहे. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील साईदर्शन ही इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. चार इंचांच्या भोकाची आणि त्या दुर्घटनेची तुलना होऊ शकत नाही हे खरे. पण आपल्या घरातील खांब हा आपल्या एकट्याच्या मालकीचा नसतो, हा धडा तेथून घ्यायलाच हवा.

जागा निवडताना

पहिली अट : नळीचे बाहेरचे तोंड मोकळ्या हवेत असावे. अनेक इमारतींत न्हाणीघरांच्या खिडक्या अरुंद डक्टमध्ये उघडतात. तेथे सोडलेला धूर कोंडून राहतो आणि वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या न्हाणीघरात शिरतो. आपला जीव वाचवताना दुसऱ्याचा धोक्यात घालणे योग्य नव्हे. न्हाणीघराची भिंत केवळ डक्टलाच लागून असेल, तर तेथे गॅस गिझर न बसवता विजेचा किंवा सौर पर्याय निवडावा.

दुसरी अट : तोंड आपल्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीच्या खाली अथवा लगत नसावे. तिसरी अट : भोक दार-खिडकीच्या कडेपासून, भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि तुळईच्या तळापासून किमान एका विटेच्या लांबीएवढे, म्हणजे नऊ इंच दूर असावे. चौथी अट : भिंतीतील वीजतारा आणि पाण्याच्या नळ्या टाळाव्यात. या नळ्या सहसा नळाच्या वा स्विचच्या सरळ वर-खाली जातात. त्या रेषा सोडून जागा धरावी.

न्हाणीघराला पट्ट्यांची काचेची खिडकी असेल, तर भिंत न फोडताही मार्ग निघतो. एक-दोन काचा काढून तेथे पत्र्याचे पान बसवावे आणि पानाला नळीसाठी भोक पाडावे. मात्र मग त्याच खिडकीच्या उरलेल्या पट्ट्यांतून धूर परत आत येऊ शकतो, हे ध्यानात ठेवून बाहेरची नळी खिडकीच्या माथ्यावर नेणे भाग असते.

जागा नक्की झाली की सोसायटीच्या कार्यकारी समितीकडे लेखी अर्ज करावा. सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची परवानगी घेणे उपविधींनुसार बंधनकारक आहे आणि बाहेरची भिंत तर सर्वांचीच असते.

प्रत्यक्ष काम

साहित्य : गोल तुकडा कापणारा डायमंड कोअर बिट, क्लच असलेले ताकदवान ड्रिल मशीन, भिंतीच्या जाडीपेक्षा लांब असा १०-१२ मिलिमीटरचा बिट, फरशीसाठी वेगळा बिट, छिन्नी, हातोडा, लेव्हल, चष्मा, धूळरोधक मुखपट्टी, हातमोजे. कोअर बिट विकत घेणे महाग पडते. हार्डवेअरच्या बाजारात तो मशीनसह दिवसाच्या भाड्याने मिळू शकतो.

नळीचा बाहेरचा व्यास मोजून भोक त्याहून अर्धा ते एक इंच मोठे धरावे. आधी आतून आरपार एक मार्गदर्शक छिद्र पाडावे. फरशीवर चिकटपट्टी लावल्यास बिट घसरत नाही; फरशी पूर्ण छेदली जाईपर्यंत मशीनची हातोडी-क्रिया बंद ठेवावी. बाहेर छिद्र कुठे उघडते ते पाहून जागेची पुन्हा खात्री करून घ्यावी. चूक सुधारण्याची ही शेवटची संधी असते.

कोअर बिट चालवताना हातोडी-क्रिया संपूर्ण बंदच असावी, अन्यथा बिटाचे हिऱ्याचे दात तुटतात. मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरावे. विटेत बिट अडकला, तर क्लच नसलेले मशीन मनगट पिरगाळून टाकते. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून हे काम करणे म्हणजे अपघात ओढवून घेणे. दर दोन इंचांनी बिट बाहेर काढून भुकटी झाडावी. शेवटच्या इंचाला दाब अगदी कमी करावा. नाहीतर बाहेरचा गिलावा ढलप्यासह निखळून पडतो.

बाहेर पडणारा हा ढलपा हीच या कामातील सर्वांत मोठी चिंता. तिसऱ्या मजल्यावरून पडलेला विटेचा तुकडा खालून जाणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून खाली एक माणूस उभा करून जागा अडवावी आणि ती मोकळी असल्याची खात्री पटल्याशिवाय शेवटचा इंच कापू नये. बाहेरची बाजू सज्जातून किंवा गच्चीतून सहज हाताशी नसेल, तर खिडकीतून वाकून काम करण्याचा मोह टाळावा. तेथे दोर, पट्टा व अनुभव असलेला कारागीरच हवा.

कोअर बिट नसेल तर जुनी पद्धत आहे. भिंतीवर वर्तुळ आखून परिघावर अर्ध्या-पाऊण इंचाच्या अंतराने छिद्रे पाडावीत आणि मधला भाग छिन्नीने हलक्या हाताने काढावा. वेळ जास्त लागतो, पण भिंतीला हादरे कमी बसतात. थेट घणाने भगदाड पाडून नंतर सिमेंटने लिंपण्याची घाई नडते. भिंतीत तडे जातात आणि पहिल्याच पावसात ओल उतरते.

नळी बसवताना

भोकात आधी पत्र्याची बाही बसवून ती भोवतालच्या भिंतीशी सिमेंट-वाळूच्या मालाने पक्की करावी व काही दिवस पाणी मारावे. नळी या बाहीतून न्यावी. नळी थेट सिमेंटमध्ये गाडली, तर तापून प्रसरण पावताना गिलाव्याला भेगा पाडते आणि पुढे बदलताही येत नाही. नळी व बाही यांमधील फट उष्णतारोधक लोकर आणि उष्णता सोसणाऱ्या सीलंटने भरावी. फुगणारा फोम वापरू नये. तो पेट घेतो.

नळी स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमचीच हवी. सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप गिझरला जोडलेला अनेक घरांत दिसतो. तो गरम धुराने मऊ पडून वाकतो आणि सांध्यातून सुटतो.

उताराबाबत गोंधळ असतो. पंखा नसलेल्या गिझरमध्ये गरम धूर केवळ हलका असल्यामुळे वर जातो. म्हणून नळी गिझरपासून आधी सरळ वर जावी, मग बाहेर जाताना किंचित चढती असावी. वळणे शक्य तितकी कमी. तोंडावर टोपी बसवून पाऊस अडवावा. पंख्याने धूर बाहेर ढकलणाऱ्या गिझरमध्ये मात्र आडवी नळी बाहेरच्या दिशेने थोडी उतरती ठेवतात, म्हणजे आत साचलेले पाणी बाहेर ठिबकते. आपला गिझर कोणत्या प्रकारचा आहे, हे माहितीपत्रकात पाहून भोकाची उंची ठरवावी. तोंडावर फार बारीक जाळी नको. ती काजळीने बुजते. कबुतराला घरटे करता येणार नाही, एवढीच जाळी पुरेशी.

ताज्या हवेसाठी दाराच्या तळाशी झडपांची जाळी बसवावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खाली साचणारा गॅसही त्याच वाटेने बाहेर पडतो. त्याच कारणास्तव सिलिंडर न्हाणीघरात कधीही ठेवू नये. गॅसची जोडणी मात्र अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. हौस भोकापर्यंतच असावी.

शेवटची परीक्षा

काम झाल्यावर न्हाणीघराचे दार बंद करून पाच मिनिटे गिझर चालवावा आणि गिझरच्या माथ्याशी, नळी सुरू होते तेथे, पेटती उदबत्ती धरावी. ही परीक्षा पंखा नसलेल्या गिझरसाठी. उदबत्तीचा धूर नळीकडे ओढला गेला, तर वाट मोकळी आहे. तो खोलीत पसरला, तर गिझर ताबडतोब बंद करावा. हीच परीक्षा न्हाणीघरातील आणि स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखे सुरू ठेवून पुन्हा करावी. बंद घरातील पंखा नळीतला धूर उलटा आत खेचू शकतो आणि पंखा आहे म्हणून निर्धास्त राहिलेले घरच अधिक धोक्यात येते.

ज्योत निळी असावी. पिवळी पडली, गिझरच्या झाकणावर काजळी दिसू लागली किंवा आंघोळीनंतर डोके जड होऊ लागले, तर 'गरम पाण्याने झाले असेल' असे म्हणून सोडून देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडचे अस्तित्व कळवणारे छोटे यंत्र न्हाणीघराबाहेर लावणे हिताचे. आंघोळीला कोणी गेले असेल, तेव्हा घरातल्यांनी अधूनमधून हाक मारावी. आत कोणी कोसळले, तर दार-खिडक्या उघडून आधी त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि ती शुद्धीवर आली तरी रुग्णालयात न्यावे.

बादलीभर पाणी आधी भरून, गिझर बंद करून मगच दार लावण्याची सवय घरातील सर्वांना लावली, तर निम्मी चिंता मिटते. उरलेली निम्मी त्या चार इंचांच्या भोकावर अवलंबून असते. ते पाडायला एक सकाळ लागते आणि सोसायटीची परवानगी मिळवायला कदाचित एक महिना. तोवर बादली स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापलेल्या पाण्याने भरावी, गिझर मात्र सुरू करू नये.